धागा : चित्रपटातली ठिकाणे पाहायला मुंबईच्या उपनगरांत जावे का? (वडिलांसाठी विचारतो आहे)

संत्र्याची_वाडी | २ डिसेंबर

नमस्कार मंडळी. आमचे गाव चांदूर बाजार तालुक्यात आहे. माझे वडील, ज्यांना घरीदारी सगळे बापू म्हणतात, आता ७४ वर्षांचे आहेत. त्यांनी सुमारे पंचवीस वर्षे टुरिंग टॉकीजमध्ये ऑपरेटर म्हणून काम केले. बहिरमच्या जत्रेत त्यांचा तंबू महिनाभर असायचा आणि जत्रा उठली की आठवड्याला एक गाव या हिशेबाने ते होळीपर्यंत फिरत असत. चित्रपटाची पेटी अमरावतीच्या वितरकाकडून एसटीच्या टपावर यायची, कारण सीपी-बेरार या चित्रपट-वितरण विभागाचा सगळा धंदा अमरावती आणि भुसावळ या दोन गावांतून चालायचा. लहानपणी ती पत्र्याची पेटी उतरवून घ्यायला मी कितीतरी वेळा फाट्यावर गेलो आहे.

यंदा आंबिया बहाराची संत्री वेळेवर गेली, हातात चार दिवस आणि थोडे पैसे आहेत, म्हणून मी बापूंना विचारले की पंढरपूरला जायचे की शेगावला. ते म्हणाले, "मले ते टेसन पाहाचं हाय." म्हणजे 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे' या १९९५ च्या चित्रपटातले अखेरच्या प्रसंगाचे स्टेशन. शोध घेतला तेव्हा कळले की पडद्यावर पंजाबात असलेले ते स्टेशन प्रत्यक्षात पनवेलच्या पुढचे आपटा आहे.

मला विचारायचे आहे ते असे. या वयाच्या माणसाला साडेसहाशे किलोमीटर नेऊन एक लहान स्टेशन दाखवणे शहाणपणाचे आहे का? तिथे पोहोचायचे कसे? आणि तेवढ्या भागात चित्रीकरणाची आणखी कोणती ठिकाणे आहेत, जी पाहून माणूस नाराज होत नाही? ज्यांनी अशी ठिकाणे पाहिली आहेत त्यांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

कापूसकोंड्या | २ डिसेंबर

तंबूत खाली बसून जे स्टेशन फुकटात दिसले ते पाहायला आता आरक्षण करून जायचे, यालाच प्रगती म्हणत असावेत.

जुना_पनवेलकर | २ डिसेंबर

मी मूळचा धामणगावचा असून गेली अठ्ठावीस वर्षे पनवेलला राहतो, त्यामुळे निदान वाटेबद्दल खात्रीने सांगू शकतो.

आपट्याला मुंबईचे उपनगर म्हणणे थोडे धाडसाचे आहे, कारण ते रायगड जिल्ह्यातले गाव आहे. पनवेलहून रोह्याकडे जाणाऱ्या मार्गावर सोमाटणे, रसायनी आणि मग आपटा अशी स्टेशने लागतात. लोकल गाड्या पनवेललाच थांबतात. पुढे दिवा-रोहा मेमूने जावे लागते. या गाड्या दिवसात मोजक्याच असतात, त्यामुळे जाण्याआधी परतीच्या गाडीची वेळ पाहून ठेवावी, नाहीतर चित्रपटातल्यासारखी गाडी पकडावी लागेल आणि आपल्याला हात द्यायला दारात कोणी उभे नसेल. रस्त्याने जायचे तर मुंबई-गोवा महामार्गावर आपटा फाटा आहे. जवळच कर्नाळ्याचे पक्षी अभयारण्य आहे, म्हणजे अर्धा दिवस तसा वाया जात नाही.

अमरावती एक्स्प्रेसने येणार असाल तर पहाटे ठाण्याला उतरून थेट पनवेलची लोकल घेता येते. ठाण्याला पूल ओलांडावा लागतो, पण सरकता जिना आहे. बापूंना सरकत्या जिन्याची सवय नसेल तर त्यांचा हात धरा आणि घाई करू नका.

आता नाराज होण्याबद्दल. १९९५ साली हा मार्ग एकेरी होता आणि वर विजेच्या तारा नव्हत्या. आज रूळ दुहेरी झाले आहेत आणि विद्युतीकरणही झाले आहे. पडद्यावरची चौकट डोक्यात घेऊन जाल तर ती तिथे सापडणार नाही. मागचे डोंगर मात्र आहेत तिथेच आहेत.

तिवसेकर_सर | ३ डिसेंबर

मी स्पष्टच लिहितो, कोणी राग मानू नये. ही सहल म्हणजे जे नाही ते पाहायला जाणे आहे.

चित्रपटातले ठिकाण हे मुळात एका जागी नसतेच. दार एका गावचे, अंगण दुसऱ्या गावचे आणि स्वयंपाकघर गोरेगावच्या स्टुडिओतले असते. 'गंगाजल'मधला बिहार आणि 'दबंग'मधला उत्तर प्रदेश आपल्या वाईत उभा केला होता. 'स्वदेस'मधले उत्तर भारतीय गाव म्हणून ज्या घाटावर आपण हळहळलो तो वाईजवळच्या मेणवलीचा, नाना फडणवीसांच्या वाड्यामागचा कृष्णेचा घाट आहे. 'शोले'चे रामगड कर्नाटकात रामनगरला वसवले होते आणि त्यातल्या गाडीवरच्या दरोड्याचे चित्रीकरण पनवेलजवळच्या लोहमार्गावर झाले. म्हणजे डाकू कर्नाटकातून निघून कोकणच्या तोंडाशी येऊन गाडी लुटतात आणि पुन्हा घोड्यावरून कर्नाटकात जातात. हे सगळे जोडले जाते ते संकलकाच्या टेबलावर. तिथे तिकीट काढून जाता येत नाही.

बापूंनी आयुष्यभर हे तुकडे डोळ्यांसमोरून सरकताना पाहिले आहेत, त्यामुळे त्यांना हे माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असणार. मग त्यांना त्या फलाटावर नेमके काय पाहायचे आहे, हा प्रश्न तुम्ही त्यांना विचारला आहे का?

दर्यापूरची_लेक | ३ डिसेंबर

तिवसेकर सरांचा मुद्दा मान्य करूनही मला वेगळा अनुभव सांगायचा आहे.

मी सध्या शिकागोला असते. 'होम अलोन' (१९९०) या चित्रपटातले ते लाल विटांचे घर शिकागोच्या उत्तरेकडच्या विनेटका या उपनगरात आहे. मागच्या नाताळात सासूबाई दर्यापूरहून आल्या होत्या, त्यांना आणि मुलांना घेऊन आम्ही ते पाहायला गेलो. ते खासगी घर आहे. फुटपाथवर उभे राहून पाहावे, फोटो काढावा आणि निघावे, इतकाच काय तो कार्यक्रम. थंडी अशी होती की हातमोजा काढून मोबाइलचे बटण दाबेपर्यंत बोटे बधिर झाली.

मजा अशी की आतले बरेचसे चित्रीकरण त्या घरात झालेलेच नाही. जवळच्या एका बंद पडलेल्या शाळेच्या व्यायामशाळेत घराचा आतला भाग उभारला होता, आणि शेजारच्या घराच्या पाण्याने भरलेल्या तळघराचा प्रसंग त्याच शाळेच्या जलतरण तलावात सेट लावून घेतला होता. मी हे सगळे मोठ्या उत्साहाने सांगत असताना सासूबाईंनी घराकडे एकदा वरपासून खालपर्यंत पाहिले आणि विचारले, "एवढ्या घराले झाडू कोन मारते वं?"

मुले मात्र अर्धा तास हलली नाहीत. चोर कोणत्या बाजूने आले, त्या पायऱ्यांवर बर्फ कुठे होता, यावर त्यांचे भांडण चालले होते. त्यांना घर पाहायचे नव्हते, आपल्या डोक्यातला नकाशा बरोबर आहे का ते तपासायचे होते. बापूंचेही असेच काही असेल असे मला वाटते.

मेळघाटवासी | ३ डिसेंबर

एक गोष्ट कोणी लिहिली नाही म्हणून लिहितो. आपण पाहायला जातो तेव्हा तिथे कोणीतरी राहत असते. 'थ्री इडियट्स'मधली लडाखची शाळा ही मुलांची खरीखुरी शाळा आहे. चित्रपटात दिसलेली ती भिंत पाहायला येणाऱ्या पर्यटकांमुळे मुलांना वर्गात बसणे मुश्कील झाले आणि शेवटी २०१८ साली शाळेने पर्यटकांना प्रवेश बंद करण्याचा निर्णय घेतला. वाघ पाहायला येणाऱ्यांमुळे आम्ही जे सोसतो तेच हे आहे. स्टेशनचे बरे, ती सार्वजनिक जागा आहे. तरी तिकीट काढून जा आणि फोटोसाठी रुळांवर उतरू नका.

गोंदियाकर | ४ डिसेंबर

या निमित्ताने एक जुनी खंत. आपल्याकडच्या विषयांवर चित्रपट निघतात, पण कॅमेरा आपल्या शिवेच्या पलीकडे लागतो. पांढरकवड्याच्या अवनी वाघिणीला २ नोव्हेंबर २०१८ रोजी गोळी घातली गेली आणि त्या प्रकरणाशी मिळतेजुळते कथानक असलेला 'शेरनी' २०२१ साली आला. त्यातले जंगल मध्य प्रदेशातले आहे, बरेचसे आमच्या शेजारच्या बालाघाटचे. शेतकरी आत्महत्येचा विषय घेतलेला 'पीपली लाईव्ह' रायसेन जिल्ह्यातल्या बडवई गावात चित्रित झाला. 'न्यूटन' दल्ली राजहऱ्याला झाला. आमच्याकडून बालाघाट इतके जवळ आहे की आम्ही तिकडे सोयरिकी करतो, तरी त्या जंगलाला पाहून लोक म्हणतात, काय सुंदर मध्य प्रदेश आहे!

उद्या कोणाला विदर्भातली चित्रीकरणाची ठिकाणे पाहायची म्हटली तर आपण त्यांना कुठे नेणार?

नागपुरी_तर्री | ४ डिसेंबर

गोंदियाकर दादा, 'झुंड' (२०२२) नागपुरातच चित्रित झाला आहे, कारण झोपडपट्टीतल्या मुलांना फुटबॉल शिकवणारे विजय बारसे नागपूरचेच. तेव्हा आमच्या गल्लीतला प्रत्येक जण सांगत होता की गर्दीच्या दृश्यात मी आहे. मी चित्रपट दोनदा पाहिला. आमच्या गल्लीतला एकही सापडला नाही.

कापूसकोंड्या | ४ डिसेंबर

मी त्यात आहे. एका दृश्यात धूळ उडते, ती माझ्या स्कूटरची आहे.

वणीकर | ४ डिसेंबर

मूळ प्रश्नाच्या शेवटच्या भागाला उत्तर देतो, म्हणजे आणखी काय पाहावे. त्याआधी काय पाहू नये ते सांगतो.

दोन वर्षांपूर्वी आम्ही घरचे सहा जण मुंबईला गेलो आणि एका खासगी सहल कंपनीची 'सिनेनगरी दर्शन' नावाची बस केली. 'चित्रीकरणाची प्रत्यक्ष ठिकाणे' असे पत्रकावर छापले होते. प्रत्यक्षात दिवसभर आम्हाला बांद्रा आणि जुहूच्या बंगल्यांची फाटके दाखवण्यात आली. प्रत्येक फाटकापाशी बस दोन मिनिटे थांबे, पहारेकरी हाकलून लावी, बस पुढे जाई. माझ्या आईने सातव्या फाटकानंतर खिडकीचा पडदा लावून घेतला. त्या घरांत कोणताही चित्रपट झालेला नाही, तिथे फक्त नट राहतात. राहण्याचे ठिकाण आणि चित्रीकरणाचे ठिकाण यांत फरक आहे हे आयोजकांना समजावताना माझाच घसा बसला.

गोरेगावची दादासाहेब फाळके चित्रनगरी मात्र आम्ही दुसऱ्या दिवशी नीट पाहिली. ही १९७७ साली राज्य सरकारने उभारली असून सुमारे ५२० एकरांवर पसरली आहे. आपले आपण हिंडता येत नाही, परवानगीने किंवा ठरलेल्या बसफेरीनेच आत जाता येते. तिथे एक देऊळ आहे, ज्यात देव चित्रपटागणिक बदलतो. मी एका दगडी खांबावर टिचकी मारली तर तो डब्यासारखा वाजला. आमच्या आईने तरीही नमस्कार केला, कारण तिच्या मते कोणी कधी खऱ्या मनाने हात जोडले असतीलच.

बापूंना या खांबांत रस वाटेल असे मला वाटत नाही, पण तुम्ही त्यांना ओळखता.

शकुंतलाप्रेमी | ५ डिसेंबर

स्टेशनच पाहायचे तर एवढ्या लांब कशाला जाता? आमच्या अचलपूरच्या स्टेशनवर या.

शकुंतला रेल्वेचा मूर्तिजापूर ते अचलपूर हा ७६ किलोमीटरचा आणि मूर्तिजापूर ते यवतमाळ हा ११३ किलोमीटरचा अरुंद मार्ग ज्यांनी पाहिला आहे, त्यांना चित्रपटातल्या कोणत्याही स्टेशनचे अप्रूप वाटणार नाही. मँचेस्टरला १९२१ साली बांधलेले वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत ही गाडी ओढत होते. गाडी इतकी सावकाश जायची की नायिकेला धावण्याची गरजच पडली नसती. ती घरी जाऊन, डबा बांधून, आईचा निरोप घेऊन परत आली असती तरी गाडी फलाटाच्या टोकापाशीच असती. आता गाडी बंद आहे आणि रुळांत गवत वाढले आहे, म्हणजे चित्रीकरणाला अडथळा कसलाच नाही. कोणी निर्माता वाचत असेल तर विचार करावा.

तिवसेकर_सर | ५ डिसेंबर

शकुंतलेवर प्रेम सगळ्यांचेच आहे, पण धाग्याच्या मालकांनी माझ्या प्रश्नाचे उत्तर अजून दिलेले नाही.

संत्र्याची_वाडी | ६ डिसेंबर

सर, क्षमा असावी. संत्र्याच्या शेवटच्या गाडीच्या गडबडीत होतो. तुमचा प्रश्न मी बापूंना काल रात्री जेवताना विचारला आणि त्यांनी जे सांगितले ते मला पन्नाशीला आलो तरी माहीत नव्हते.

ते म्हणाले, "शेवटच्या रिळात मी पडद्याकडे कधी पाह्यलंच नाई. माही नजर कार्बनवर."

ज्यांनी जुनी मशीन पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडे लिहितो. तेव्हाच्या प्रोजेक्टरमध्ये दिव्याऐवजी दोन कार्बनच्या कांड्या असत. त्यांच्या टोकांमध्ये ठिणगीची ज्योत पेटवली की पडद्यावर उजेड पडे. कांड्या जळून आखूड होत जात, त्यामुळे त्यांच्यातले अंतर सारखे राहावे म्हणून ऑपरेटरला बाजूची चकती थोडी थोडी फिरवत राहावी लागे. हात चुकला की पडदा पिवळा पडे आणि तंबूतून शिट्ट्या सुरू होत. ३५ मिलिमीटरची फिल्म मिनिटाला ९० फूट सरकते. हा चित्रपट १८९ मिनिटांचा, म्हणजे सतरा हजार फुटांहून अधिक, पाच किलोमीटरपेक्षा लांब. तंबूत मशीन एकच असल्यामुळे प्रत्येक रिळानंतर दिवे लावावे लागत. शेवटचे रीळ चालू असताना बापू एका हाताने आधीचे रीळ उलटे गुंडाळत आणि फाटलेल्या भोकांवर बोट ठेवून खुणा करत, कारण पेटी पहाटेच्या एसटीने पुढच्या गावाला जायची असे. दुसरा हात चकतीवर. तिसरा हात देवाने दिला नाही.

म्हणून हा शेवट त्यांनी पाहिला नाही, ऐकला. तोही संवादांपेक्षा लोकांच्या आवाजात, कारण पत्र्याच्या केबिनमध्ये मशीनची घरघर फार. त्यांच्या आठवणीप्रमाणे दोन आवाज येत. आधी सगळा तंबू गप्प होई आणि एकदम टाळ्या पडत. त्यानंतर थोड्या वेळाने शिट्ट्या. या दोन आवाजांच्या मध्ये चकती दोनदा फिरवावी लागे, एवढे त्यांना पक्के आठवते.

टीव्हीवर त्यांनी तो प्रसंग नंतर पाहिला आहे. पण टीव्हीवर मध्येच जाहिरात येते आणि टाळ्या कोणीच वाजवत नाही, त्यामुळे कोणता आवाज कुठला हे त्यांना जुळवता आलेले नाही. ते त्यांना फलाटावर उभे राहून जुळवायचे आहे.

दर्यापूरची_लेक | ६ डिसेंबर

मी आधी लिहिले होते ते मागे घेत नाही! बापूंकडेही नकाशाच आहे, फक्त तो आवाजांचा आहे. तुम्ही त्यांना न्याच.

तिवसेकर_सर | ६ डिसेंबर

माझे मूळ म्हणणे मी सोडत नाही, की ठिकाण आणि दृश्य यांचा संबंध फार पातळ असतो. परंतु एखादा माणूस स्वतःच्या कामाचा राहिलेला भाग पाहायला निघाला असेल तर तो पर्यटक नव्हे. एक सूचना करतो. मुंबई सेंट्रलजवळच्या मराठा मंदिरात हा चित्रपट १९९५ पासून रोज दाखवला जातो. सकाळी साडेअकराचा खेळ असतो. आधी तिथे न्या. लोकांचे आवाज तिथे मिळतील आणि जागा आपट्याला.

वणीकर | ६ डिसेंबर

सर, ही सूचना मी दोन वर्षांपूर्वी विचारायला हवी होती. सात फाटके वाचली असती.

जुना_पनवेलकर | ७ डिसेंबर

डोंबिवली किंवा दिव्याला कोणी नातेवाईक असेल तर तिथे मुक्काम करा. दिव्याहून रोहा मेमूत बसले की मधे गाडी न बदलता आपटा येते. 'शोले'च्या दरोड्याची जागा मात्र शोधत बसू नका. त्या चित्रीकरणाला सात आठवड्यांहून अधिक काळ लागला होता आणि पनवेलच्या आसपास प्रत्येक जुना माणूस वेगळ्या वळणाकडे बोट दाखवतो. माझे सासरे दोन वळणे दाखवतात.

संत्र्याची_वाडी | १४ जानेवारी

सर्वांना संक्रांतीच्या शुभेच्छा. आम्ही जाऊन आलो. लिहायला उशीर झाला, कारण परत आल्यावर बापूंना बहिरमला जायचे होते आणि रोडगे खाल्ल्याशिवाय ते कोणत्याच विषयावर बोलायला तयार नव्हते.

मुक्काम डोंबिवलीला भाच्याकडे केला. पहिल्या दिवशी तिवसेकर सरांच्या सूचनेप्रमाणे मराठा मंदिर गाठले. थिएटर अर्धेअधिक भरले होते. कॉलेजची मुले होती, काही जोडपी होती, आणि आमच्यापुढे एक गृहस्थ एकटेच बसून प्रत्येक संवाद आधी स्वतः म्हणत होते. बापू मध्यंतरापर्यंत अस्वस्थ होते, कारण रीळ बदलत नाही, दिवे लागत नाहीत, लघवीला जायचे कधी हेच कळत नाही असे त्यांचे म्हणणे पडले. शेवटच्या प्रसंगात टाळ्या पडल्या, शिट्ट्याही पडल्या. बापू बाहेर येऊन म्हणाले, "हे आधीच मारतेत. पाह्यल्यावर मारत नाई." आणि ते खरे होते. सगळ्यांना पुढचे पाठ असल्यामुळे नायिका हलण्याआधीच शिट्टी येत होती. त्यामुळे मराठा मंदिरात बापूंचा हिशेब लागला नाही, उलट बिघडला.

दुसऱ्या दिवशी दिव्याहून मेमूने आपट्याला उतरलो. माझी पहिली चूक अशी की तो प्रसंग मोबाइलमध्ये घेऊन ठेवला होता, पण आदल्या रात्री भाच्याच्या मुलांनी खेळून मोबाइलची बॅटरी संपवली आणि मी ते पाहिलेच नाही. फलाटावर उतरलो तेव्हा मोबाइल बंद होता. बापूंना त्याचे काहीच वाटले नाही. त्यांनी आधी वर पाहिले आणि म्हणाले, "ह्या तारा नव्हत्या." मग रुळांकडे पाहिले. मी त्यांना पनवेलकर दादांनी लिहिलेले एकेरी-दुहेरीचे सांगितले तेव्हा त्यांनी मान हलवली. डोंगर त्यांना आवडले. पंजाबात असे डोंगर कसे, हे तंबूत कोणी विचारले नाही म्हणाले.

आमच्याबरोबर उतरलेले पाच-सहा जण निघून गेल्यावर फलाट रिकामा झाला. एका बाकावर भाजीच्या पाट्या घेऊन दोन बाया परतीच्या गाडीची वाट पाहत होत्या, त्यांच्याशेजारी बापू बसले. मला म्हणाले, "तू त्या टोकाले जा. मी हात वर केला का चालत ये. पळू नको, पडशीन." मी पिशवी बाकावर ठेवून टोकाला गेलो. तेवढ्यात एक मालगाडी आली आणि न थांबता संथपणे जाऊ लागली. मी रुळापासून चांगला आत होतो, हे मेळघाटवासी दादांसाठी मुद्दाम लिहितो. बापूंनी हात वर केला. मी चालू लागलो. वाघिण्यांच्या खडखडाटात काही ऐकू येत नव्हते, पण जवळ येताना मला दिसले की ते माझ्याकडे पाहतच नाहीत. त्यांची नजर समोर कुठेतरी खाली होती आणि उजव्या हाताचा अंगठा व तर्जनी हवेत काहीतरी हळूहळू फिरवत होती. एकदा फिरवले. मी चालत राहिलो. मग दुसऱ्यांदा फिरवले आणि मान वर करून म्हणाले, "थांब."

मी स्टेशनच्या नावाच्या पाटीपाशी होतो.

ते म्हणाले की पहिल्या टाळ्या बापाने मुलीचा हात सोडला तेव्हाच्या, आणि शिट्ट्या पोराने तिचा हात धरला तेव्हाच्या. लोकांना पकडल्याचा आनंद आधी होत असेल असे ते इतकी वर्षे धरून चालले होते. भाजीवाल्या बायांपैकी एकीने विचारले की आजोबा काय मोजतात. मी सांगितले. ती म्हणाली, "इथे पुष्कळ येतात, पण सगळे पळतात. बसून मोजणारे हे पहिलेच."

खर्च, वेळा आणि डोंबिवली ते दिवा या प्रवासाबद्दल कोणाला माहिती हवी असल्यास विचारावे.

शकुंतलाप्रेमी | १४ जानेवारी

अचलपूरच्या स्टेशनचे आमंत्रण कायम आहे. बापूंना म्हणावे, आमच्याकडे चकती दहा वेळा फिरवून होईल.

तिवसेकर_सर | १४ जानेवारी

मी स्वतः हा चित्रपट तीनदा पाहिला आहे आणि टाळ्या कोणत्या क्षणाला पडतात हे मला आठवत नाही. बापूंना माझा नमस्कार सांगावा.

कापूसकोंड्या | १५ जानेवारी

बाकी सगळे ठीक, पण मध्यंतराशिवाय लघवीला जायचे कधी, या प्रश्नावर वेगळा धागा काढायला हवा.

जुना_पनवेलकर | १५ जानेवारी

फार बरे वाटले. एकच विचारतो, म्हणजे पुढच्या वेळी आपट्याला उतरलो तर मलाही पाहता येईल. फलाटाच्या दोन्ही टोकांना नावाची पाटी असते. तुम्ही थांबलात ती पनवेलच्या बाजूची की पेणच्या?

संत्र्याची_वाडी | १५ जानेवारी

बापूंना विचारून सांगतो आहे. पेणच्या बाजूची.